पंचफुलामावशीचं नागपूर

शहरातली माणसं उद्धटपणे बोलतात, हे वाक्य पंचफुलाच्या घशाखाली काही केल्या उतरेना. इंग्रजीतून तर नाहीच, मराठीतूनही नाही. आसगावच्या अंगणवाडीत ती वीस वर्षांपासून मदतनीस होती आणि नागपूरला आजवर एकवीस वेळा जाऊन आली होती. लग्नानंतरच्या चोवीस दसऱ्यांपैकी तीनच चुकले, एक बाळंतपणात आणि दोन करोनात. या एकवीस फेऱ्यांत तिला कुणी वावगा शब्द बोललं नव्हतं. मग पाठ करायला दिलंय म्हणून ती कसं म्हणणार?

पण म्हणणं भाग होतं. अंगणवाडी सेविका सुशीलाबाई जूनअखेर निवृत्त होत होत्या. मदतनीस बाईला सेविका व्हायचं तर बारावी पास हवी, असा नियम आलेला. पंचफुलाने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली, बाकीचे सगळे विषय एका दमात काढले आणि इंग्रजीत दोनदा गचकली. दुसऱ्या वेळी शंभरात एकतीस पडले. लेखीला सव्वीस मिळाले होते, पण तोंडी परीक्षेत वीसपैकी पाच. ते पाचही तिने वाकून केलेल्या नमस्काराचे असावेत, असं तिचा नवरा केशवराव म्हणे. खोटं नव्हतं. आत जाऊन ती खुर्चीत बसली, हात जोडले आणि पाच मिनिटांनी पुन्हा हात जोडून बाहेर आली. मधल्या वेळात तिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता.

आता जुलैची फेरपरीक्षा. पर्यवेक्षिका मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं की निकालापर्यंत जागा धरून ठेवता येईल, त्यानंतर बाहेरचे अर्ज मागवावे लागतील. पंचफुलाला ती जागा हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. गावातलं कोणतं पोर कधी चालायला लागलं, कुणाचं वजन पावसाळ्यात उतरतं, कुणाला अंडं दिलं की अंगावर पुरळ येतं, हे तिला तोंडपाठ होतं. साहेब तपासणीला आले की सुशीलाबाईंना विचारत, सुशीलाबाई पंचफुलाकडे बघत, पंचफुला हळूच सांगे आणि सुशीलाबाई ते मोठ्याने सांगत. सुशीलाबाई स्वभावाने चांगल्या होत्या, पण रजिस्टरवर अक्षर त्यांचं असे. एकदा तरी आपल्या हाताने त्या रजिस्टरात पोराचं नाव लिहावं, एवढीच पंचफुलाची इच्छा होती.

तिला शिकवायला होती डिंपल. पलीकडच्या गल्लीतल्या सोमाजींची मुलगी, वय चोवीस, नागपूरला राहून बी.एड. केलेली आणि आता नोकरीची वाट बघत घराच्या ओसरीवर शिकवणी घेणारी. वीस वर्षांपूर्वी याच डिंपलचं नाक पंचफुलाने पदराने पुसलं होतं. आता डिंपल तिला गृहपाठ द्यायची आणि चुकला की डोळे वटारायची. शिकवणीच्या वेळी मात्र दोघीही जुनी ओळख दाखवत नसत, कारण बाजूला दहावी-बारावीची पोरं बसलेली असत.

डिंपलची पद्धत पक्की होती. तोंडी परीक्षेत 'शहरातलं जीवन' हा विषय हमखास येतो, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने शहरावर पंधरा वाक्यं तयार केली होती, आणि प्रत्येकात काम कसं घडतं ते सांगणारा एकेक शब्द. बसेस रन नॉइझिली. पीपल वॉक हरीडली. द पोलिसमन व्हिसल्स लाउडली. नुसतं 'माणूस चालतो' म्हटलं की एक मार्क आणि कसा चालतो ते सांगितलं की दोन, असं तिने पोरांना समजावलं होतं. पंचफुलाला हे लगेच पटलं. पोर जेवलं का, हे विचारून काही कळत नाही, कसं जेवलं ते बघावं लागतं, हे तिला वीस वर्षांपासून माहीत होतं.

ती शब्द कामावर पाठ करू लागली. खिचडी ढवळताना स्लोली, वरणाला उकळी आली की क्विकली, पोरं झोपली की क्वाएटली. पोरांनी ते उचलायला वेळ लावला नाही. आठवडाभरात आसगावात चार-चार वर्षांची लेकरं आजोबांना 'लाउडली नको खोकलू' असं सांगू लागली. कुंताबाईंच्या नातवाने तर म्हशीला नॉटी ठरवून तिच्याशी पोलाइटली बोलायचा प्रयोग केला आणि शेणात बसला. कुंताबाई भांडायला म्हणून अंगणवाडीत आल्या आणि दोन शब्द शिकून गेल्या.

चौदा वाक्यं अशी सरसर आली. गाडी अडायची पंधराव्याला. पीपल स्पीक रूडली अँड नोबडी हेल्प्स एनीबडी. लोक उद्धटपणे बोलतात आणि कुणी कुणाला मदत करत नाही. तिथे आली की पंचफुला थांबायची, पदर सारखा करायची, खाली बघायची. चार-पाच दिवस डिंपलने ऐकून घेतलं. मग एकदा पोरं गेल्यावर तिने विचारलं, की मावशी, एवढं सोपं वाक्य काहून येत नाही तुले?

"येते वं," पंचफुला म्हणाली, "पण खोटं हाये ते. मी पाह्यलं हाये नागपूर."

मग तिने आपलं नागपूर सांगितलं. दसऱ्याला गावातून गाडी निघते. पांढरं लुगडं नेसायचं, पिशवीत स्टीलचं ताट आणि गिलास घ्यायचा. दीक्षाभूमीच्या दिशेने जाणारे रस्ते माणसांनी भरलेले असतात, गाडीघोडा बंद असतो, मधोमध चाललं तरी कुणी ओरडत नाही. ठिकठिकाणी मंडप असतात आणि शहरातली शिकलीसवरली पोरं वाट अडवून म्हणतात, बसा माई, जेवून जा. कुणाची तू, कुठली तू, असं कुणी विचारत नाही. तिची लेक प्रतीक्षा पाच वर्षांची असताना तिथे हरवली, तर एका पोराने तिला खांद्यावर बसवून तास-दीड तास फिरवलं आणि माय सापडल्यावर वर बिस्किटाचा पुडा दिला. ती प्रतीक्षा आता भंडाऱ्याला नर्सिंगला होती आणि तो पुडा तिला अजून आठवत होता. असं शहर, आणि तिथं कुणी कुणाला मदत करत नाही म्हणायचं?

डिंपल हसली, पण तिचं हसू लवकर ओसरलं. ती म्हणाली, की मावशी, ते एका दिवसाचं नागपूर आहे, उरलेल्या दिवसांचं मी बघितलंय. दोन वर्षं ती एका खोलीत राहिली होती. घरमालकिणीला तिचं नावही ठाऊक नव्हतं. एकदा तीन दिवस तापात पडली, तर कुणी पाण्याचा तांब्या आणून दिला नाही. हे तिने घरी कधी सांगितलं नव्हतं. पंचफुलाला इतकं वाईट वाटलं की तिने सरळ डिंपलचा हात हातात घेतला आणि शिकवणीची शिस्त त्या दिवसापुरती मोडली.

घरी येऊन तिने केशवरावांना सगळं सांगितलं. केशवराव पाण्याच्या टाकीवर पंप सुरू-बंद करायच्या कामावर होते आणि पाणी भरेपर्यंत विचार करायला त्यांना भरपूर वेळ मिळे. ते म्हणाले, "मंग एका साध्या दिवशी जाऊन पाहून ये ना. परीक्षा तुई हाये का डिंपलची?"

जूनच्या पहिल्या रविवारी पंचफुला आणि डिंपल पवनीहून एसटीने नागपूरला निघाल्या. डिंपलला पुस्तकं घ्यायची होती आणि पंचफुलाला शहर तपासायचं होतं. उन्हाने रस्ता तापला होता. पंचफुला पांढरं लुगडं नेसली होती आणि तिच्या पिशवीत ताट आणि गिलास होता. नागपूरला जायचं म्हणजे तसंच जायचं असतं, यापलीकडे तिच्या मनात काही आलं नव्हतं.

शहराने पहिल्या तासातच तिला धडा दिला. ती सवयीने रस्त्याच्या मधोमध चालू लागली आणि चार मोटारी एकदम किंचाळल्या. एका मोटरसायकलवाल्याने तिच्या डोळ्यांचा उद्धार केला. रिक्षावाल्याला पत्ता विचारला तर त्याने मान न उचलता हाताने हाकलल्यासारखं केलं. डिंपल बोटावर एक, दोन, तीन मोजत होती. पंचफुलाचं तोंड उतरलं. दीक्षाभूमीला दोघींनी वंदन केलं, पण त्या विस्तीर्ण आवारात आज मोजकी माणसं होती आणि तिला ते पाहुणे निघून गेलेल्या घरासारखं वाटलं.

मागच्या रस्त्याला पुस्तकाचं दुकान होतं. आत गर्दी दिसली, तेव्हा डिंपलने तिला बाहेर झाडाच्या सावलीत उभं केलं आणि इथून हलू नको असं बजावलं. पंचफुला पाच मिनिटं हलली नाही. मग समोर तिला मंडप दिसला. पांढरं-निळं कापड, खाली लांब टेबलं, टेबलांवर वाफाळणारी पातेली आणि ताटं घेऊन ओळीने सरकणारी माणसं. पंचफुलाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आजही आहे. डिंपलला उगाच वाटतं बिचारीला. तिने पिशवीतून ताट काढलं, नळावर धुतलं आणि ओळीत उभी राहिली.

कुणी तिला अडवलं नाही. पोळी, वांग्याची भाजी, भात, बुंदी, सगळं ताटात आलं. ती भिंतीच्या कडेला मांडी घालून स्वस्थपणे जेवली. जेवून ताट घासलं. आता नुसतं उठून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं, दसऱ्यालाही ती जेवली की तासभर वाढू लागायची. इथे भाताच्या पातेल्यामागचा पोरगा मोबाइलवर बोलत होता आणि समोर ओळ खोळंबली होती. पंचफुलाने पदर खोचला, भाताचा चमचा हातात घेतला आणि वाढायला लागली. वीस वर्षं रोज तीस-चाळीस पोरांना वाढणारा हात तो. कुणाला किती लागेल हे ताट पुढे येण्याआधीच तिला कळत होतं. एका लहान मुलीला तिने 'ईट स्लोली' असंही सांगितलं.

डिंपल पुस्तकांचं बोचकं घेऊन आली आणि झाडाखाली मावशी नाही. तिने समोर पाहिलं. मंडपाच्या कमानीवर फुलांच्या अक्षरांत नवरा-नवरीची नावं लिहिली होती. मावशी एका परक्या लग्नात भात वाढत होती.

ती धावत पोचेपर्यंत केटरिंगचा मॅनेजर तिथे आला होता. तू कोण, तुला कुणी लावलं, आमच्या माणसांत तू नाहीस, असं तो चढ्या आवाजात विचारत होता आणि ओळीतले पाहुणे माना वळवून बघत होते. पंचफुलाला काही समजेना. ती म्हणाली की मी आसगावची, जेवली म्हणून वाढून राहिली. मॅनेजरने तिच्या हातातला चमचा हिसकावून घेतला. तेवढ्यात हिरव्या शालूतली एक घामाघूम बाई आली. ती नवरीची आई होती. डिंपलने तिच्यासमोर हात जोडले आणि काय घोटाळा झाला ते एका श्वासात सांगून टाकलं.

पंचफुलाने कमानीकडे पाहिलं आणि फुलांची नावं वाचली. परक्याच्या लग्नात आपण न बोलावता जेवलो, या लाजेने तिला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

"चुकी झाली माई," ती कशीबशी म्हणाली. "मले वाटलं, नागपुरात असंच असते."

नवरीची आई तिच्याकडे बघत राहिली. पांढरं लुगडं, खोचलेला पदर, बगलेत घासूनपुसून घेतलेलं स्वतःचं ताट. मग तिला हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोटातून. ती हसता हसता खुर्चीला धरून खाली बसली, डोळ्यांतलं पाणी शालूच्या पदराने पुसलं आणि पुन्हा हसली. सकाळपासून तिला कुणी हसू दिलं नसावं. मग ती मॅनेजरला म्हणाली, की ही बाई वाढायला लागल्यापासून ओळ पुढे सरकतेय, तो चमचा तिला परत द्या. मॅनेजरने दिला. पंचफुलाने आणखी अर्धा तास भात वाढला, आणि या वेळी तिच्या शेजारी पोळ्यांच्या टोपलीमागे डिंपल उभी होती.

परतीच्या एसटीत पंचफुलाच्या मांडीवर बुंदीचा डबा होता. उमरेडपर्यंत डिंपल नवी पुस्तकं चाळत होती. मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मावशी, मी तापात होती ना, तवा मी कोणाचं दारच वाजवलं नोहतं."

पंचफुलाने तिच्या तोंडात बुंदी घातली. उपदेश करायचा मोह तिला झाला होता, पण तिने तो बुंदीबरोबर गिळला.

जुलैत परीक्षा आली. पवनीच्या एका कॉलेजात तोंडी परीक्षा होती आणि बाहेर खिडकीशी उमेदवार दाटीवाटीने उभे होते, बहुतेक पंचफुलाच्या निम्म्या वयाचे. आतले सर दमलेले दिसत होते. त्यांनी सकाळपासून तीस जणांकडून शहरातलं जीवन ऐकलं होतं, आणि त्यातल्या दहा-बारा जणांनी ती डिंपलचीच पंधरा वाक्यं म्हटली होती. त्यांनी वहीतून मान न काढता विषय सांगितला. लाइफ इन अ सिटी.

पंचफुला खुर्चीत बसली. मागच्या वेळी चार मार्क कमी पडले होते, फक्त चार. डिंपलने निघताना बजावलं होतं की मावशी, पाठ केलंय तेच म्हण, आपलं डोकं लावू नको. तिने सुरुवात केली. बसेस रन नॉइझिली. पीपल वॉक हरीडली. एकामागून एक चौदा वाक्यं आली. ती स्वतःच थक्क झाली. सरांनी मार्कांच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि ती पंधराव्या वाक्याशी आली.

"पीपल स्पीक रूडली," ती म्हणाली, "अँड नोबडी..."

आणि थांबली. म्हटलं असतं तर सुटली असती. पण तिच्या डोळ्यांसमोर हिरवा शालू आला आणि ते वाक्य तिच्या तोंडून निघेना. आपण बोलायचं थांबलो तर गेल्या खेपेसारखीच गत होईल, हेही तिला दिसत होतं.

"नो सर," ती म्हणाली. "धिस इज नॉट ट्रू."

सरांनी मान वर केली. पहिल्यांदाच.

पुढचं तिने पाठ केलेलं नव्हतं. ती शब्द अंधारात चाचपडल्यासारखे शोधत होती आणि मिळेल तो पुढे ठेवत होती. आय गो टू नागपूर. वन मॅन शाउट अँग्रिली. दॅट इज ट्रू. बट आय सी वन मंडप. आय ईट हॅपिली. सर, इट इज मॅरेज. नॉट माय मॅरेज. नोबडी कॉल मी.

खिडकीशी कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी पेन खाली ठेवलं आणि मग काय झालं ते विचारलं. देन आय गिव्ह राइस, पंचफुला म्हणाली, क्विकली, टू ऑल पीपल. मॅनेजर कम. ही स्पीक रूडली. देन ब्राइड्स मदर कम. आणि ती आई काय म्हणाली, असं सरांनी इंग्रजीतून विचारलं.

"शी लाफ, सर."

कशी हसली? सरांचा प्रश्न सरळ होता, शिकवलेलाच होता. कसं ते सांगितलं की दोन मार्क. पंचफुलाने शब्द शोधला. हॅपिली नाही. लाउडली तर नाहीच. त्या हसण्यात दमणूक होती, माया होती, लेक सासरी जाणार म्हणून आलेलं रडूही होतं, आणि एवढं सगळं बसेल असा शब्द डिंपलच्या यादीत नव्हता. तेव्हा पंचफुला उठली, खुर्चीला धरलं आणि हसून दाखवलं. पोटातून, डोळे पुसत, मधेच दम घेऊन पुन्हा. खिडकीतली पोरं हसली. शिपाई दारातून डोकावला आणि तोही हसला. सरांनी चष्मा काढला, कोरडा ठेवायचा प्रयत्न केलेला चेहरा दोन्ही हातांनी झाकला आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

सावरल्यावर त्यांनी रकान्यात काहीतरी लिहिलं आणि मराठीत म्हणाले, "बाई, बसा. झालं तुमचं."

निकाल ऑगस्टच्या शेवटी लागला. मोबाइलवर डिंपलने बघितला, तिच्या खांद्यावरून केशवरावांनी बघितला, आणि पंचफुलाने बघायचंच टाळलं. ती चुलीशी उगाच भांडी घासत होती. इंग्रजीत चव्वेचाळीस होते, त्यातले तोंडीचे अठरा. केशवराव म्हणाले की या खेपेला चार वेळा नमस्कार केला असशील. मग ते तिच्यापाशी खाली बसले आणि त्यांनी तिच्या राखेने भरलेल्या हातांवर तांब्याने पाणी घातलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी पंचफुला सेविका म्हणून अंगणवाडीत आली. नवी मदतनीस अजून यायची होती, त्यामुळे कुलूप तिनेच उघडलं, झाडून तिनेच काढलं आणि चूल पेटवून खिचडीही तिनेच चढवली. मग हात धुऊन ती खुर्चीत बसली. उषाबाईंची सून पहिल्यांदाच आपली मुलगी घेऊन आली होती. मुलगी तिच्या लुगड्यात तोंड खुपसून भोकाड पसरत होती.

"मॅडम, नाव लिहून घ्या जी," ती सून म्हणाली.

पंचफुलाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने घाईने रजिस्टर ओढलं. तारीख घातली, मुलीचं नाव विचारलं, वय विचारलं आणि एकेक अक्षर वळणदार काढत लिहिलं. ओळ पूर्ण झाल्यावर तिने ती बोटाने एकदा वाचली. डोळे भरून आले होते, पण मुलगी अजून रडत होती आणि खिचडी खाली लागायला आली होती. म्हणून तिने मुलीला कडेवर घेतलं आणि चुलीकडे गेली.